छाप वर

लेथचं बटण दाबायच्या आधी
थॅडियसमामा लाकूड हुंगायचे,
बाजारात खरबूज हुंगतात तसं.
"अ‍ॅश आहे," म्हणायचे. "उत्तर उताराचा. सावकाश वाढलेला."
मी अकरा वर्षांची, भुशात घोट्यापर्यंत बुडालेली.
मला सगळ्या लाकडांना एकच वास यायचा,
मामांच्या कॉफीचा.

त्यांचे पणजोबा बॅरेन्ट होटॅलिंग
चिनँगोच्या खोऱ्यात गाड्यांची चाकं करायचे.
एका रविवारी गिरणीवाल्याचा पोरगा
मोडक्या गाडीची दांडी ओढत आला:
चेंडू मारायचाय, जरा नीट करून द्या.
तेव्हा मापं कोण विचारत होतं?
कुणाचा दांडू चपटा, कुणाचा गोल,
कुणाचा कुऱ्हाडीच्या दांड्याचा सख्खा भाऊ,
कुणाचा इतका लांब की धरणाऱ्यालाच गरकन फिरवायचा.
बॅरेन्टनी एक टोक तासून बारीक केलं,
दुसरं तसंच ठेवलं
आणि हिशेबवहीत लिहिलं:
"दांडी, एक. मोबदला: अंडी, सहा."

मग हिकरीचे दिवस.
सव्वा किलोचं धूड,
मामांच्या आजोबांचे खांदे त्यातच गेले.
"हिकरी मोडत नाही," मामा सांगायचे,
"म्हणून माणूस मोडतो."
पाठोपाठ अ‍ॅश, अंगाने हलका,
चेंडू लागताच कणभर वाकणारा,
समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या माणसासारखा.
मूठ झिजत गेली, दर पिढीला कागदाएवढी.
हात निसटू नये म्हणून टोकाला बोंड फुटलं.
नियमांच्या पुस्तकाने पोटाला पट्टा बांधला.
मामा बैलाच्या हाडाने ते पोट घासत बसायचे,
संध्याकाळ होईपर्यंत,
रेषा दबून काचेसारख्या होईपर्यंत.
शेवटी तापल्या लोखंडाची छाप,
रेषांचे डोंगर दिसतात त्या अंगावर.
"छाप वर ठेव, म्हणजे चेंडू कडेवर बसेल.
लाकडाला विचारून मारावं, पोरी."

मी शाळेच्या संघात गेले
तेव्हा मैदानात अ‍ॅल्युमिनियम आलं होतं.
टिंग.
फळीवरून वाटी पडावी तसं.
रेष नाही, बाजू नाही, मोडणं तर नाहीच.
त्या वर्षी सगळ्यांत लांब चेंडू मी मारला
आणि घरी सांगितलं नाही.
मामांनी पेपरात वाचलं.
जेवताना एवढंच म्हणाले, "आवाज कसा होता?"
मी बटाटे वाढून घेतले.

पुढे मेपलची हवा आली.
मोडला की सुऱ्यासारखे तुकडे उडतात त्याचे.
मामा कुरकुरत तोही शिकले,
सत्तराव्या वर्षी.

हिरवा किडा त्यांनी पाहिला नाही.
दोन तांदळांएवढा, पाचूसारखा देखणा,
सालीखाली नागमोडी गिरवत जाणारा.
दोन-तीन उन्हाळ्यांत उत्तर उतार राखाडी झाला.
बरं झालं मामा नाहीत, असं मी एकदा बोलून गेले
आणि जीभ चावली.

फळीवर अ‍ॅशचे दोनच ठोकळे उरले होते.
यारित्झा आली, बारा वर्षांची,
सफरचंदांच्या बागेत कामाला आलेल्या ओकाम्पोंची.
तिला टिंग नको होतं.
का, ते तिला सांगता येईना.
मी एक ठोकळा कातला, तिच्या हाताच्या मापाने,
हाड सापडलं नाही म्हणून बाटलीने घासला.
तिसऱ्याच चेंडूला मोडला.
टॉवेलात दोन तुकडे गुंडाळून आणले तिने.
"छाप चेंडूकडे धरली होती," म्हणाली,
आणि मग रडली.

तिच्या बापाच्या छाटणीच्या कोयत्याला मूठ हवी होती.
पोटाचा तुकडा पुन्हा लेथला लावला,
बारीक करत गेले, करत गेले,
अर्धी छाप तेवढी राहू दिली.
बॅरेन्टच्या वहीत अजून कोरी पानं आहेत.
लिहिलं: "मूठ, एक. मोबदला: सफरचंदं."
मोजली नाहीत.

दुसरा ठोकळा फळीवरच आहे.
कधीतरी उतरवून हुंगते.
कॉफीचाच वास येतो.