गुटी

टर्कीच्या पिल्लाला पहिला आठवडा
समोरचा दाणा दिसत नाही, पाणी दिसत नाही.
भरल्या ताटलीशेजारी उपाशी मरतं ते.
म्हणून पाण्यात रंगीत गोट्या टाकायच्या
आणि वीस टर्क्यांत एक कोंबडीचं पिल्लू सोडायचं.
त्याला सगळं आधीच येतं.
ते टोचतं, बाकीचे बघतात.
दोनशे चाळीस विद्यार्थी, बारा मास्तर,
सावद्याच्या पुढे, केळीच्या बागांमधलं आमचं शेड.

पौष सरत होता. केळीच्या पानांवर चरका पडलेला.
नवव्या रात्री पिल्लं बल्बांखाली गठ्ठा करून बसली,
पंख ओघळलेले,
आणि तुसावर पिवळा फेस.

भारंबे डॉक्टर मोटारसायकल चालू ठेवूनच बोलले:
पूर्वी एक बाटली लिहून दिली असती,
पण तुमच्या नाशिकच्या गिऱ्हाइकाला
औषध नसलेला पक्षी पाहिजे.
मग हे घ्या.
पाकिटात चांगले जिवाणू, यीस्टची सालं,
खवट लोण्यासारखा वास येणारं एक मीठ,
आणि ओव्याच्या जातीचं तेल.
क्विंटलला अर्धा किलो.

हुरमतबी तडवीनं पाकीट हुंगलं.
"ओवा व्हय हा," ती म्हणाली,
"एवढे पैसे ओव्याले दिले?"
पण पाकीट पोत्यात ओतायला निघाले
तेव्हा तिनंच माझा हात धरला.
आधी मूठभर भरड्यात,
मग घमेलंभर भरड्यात,
मग पोत्यात. नाहीतर एकाच्या तोंडी सगळं जातं,
दुसऱ्याच्या तोंडी नुसता मका.

कालवता कालवता ती सहाणेबद्दल सांगत होती.
वेखंडाचे दोन वळसे. मुरडशेंगेचे तीन.
हळकुंडाचा एक. जायफळाचा अर्धा,
पूर्ण दिला तर पोर दुपारपर्यंत उठत नाही,
आणि कापसाच्या वेचणीत तेच बरं पडायचं.
चार लेकरं तिची त्या वळशांवर वाढली.
पाचव्याचं ती सांगत नाही.

बाराव्या दिवशी अकरा मेली.
तेराव्या दिवशी चार.
चौदाव्या दिवशी मोजायचं काम तिनं घेतलं
आणि आकडा मला सांगितला नाही,
फक्त फावडं धुऊन भिंतीला उभं केलं.

सतराव्या पहाटे मी कागदावर पाहिलं:
तपकिरी, घट्ट, वर पांढरी टोपी.
सोन्याच्या दुकानातही मी इतकी वाकून
काही पाहिलेलं नाही.
फोटो काढला, डॉक्टरांना पाठवला.
पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांचा निरोप आला:
"सुंदर."

पाकिटानं झालं, की थंडी हटली म्हणून,
की आम्ही तूस बदललं म्हणून, कोण सांगणार?
हुरमतबीच्या मते ओव्यानं.

मग डॉक्टर म्हणाले, आता कोंबड्या बाहेर काढा.
त्यांच्या पोटात एक रोग असतो,
त्यांना तो काही करत नाही,
टर्कीचं काळीज पोखरतो.
इतके दिवस का नाही सांगितलं, मी विचारलं.
इतके दिवस, ते म्हणाले, भूक जास्त मोठी होती.

हुरमतबीनं बारा मास्तर केळीच्या खोक्यात घातले,
वरून ओढणी टाकली, घरी नेले.

त्या संध्याकाळी टर्क्या दाण्यापाशी आल्या,
आणि थांबल्या.
मान वाकडी करून बघत राहिल्या,
आधी कोणीतरी टोचेल म्हणून.
मी बोटानं ताटली वाजवली.