हिरवी शाई

त्रेचाळीस वर्षं. दुसरीचा वर्ग. तीच खोली,
तळघरातल्या बॉयलरच्या नेमकी वर,
म्हणून हिवाळ्यात सगळ्या शाळेत उबदार,
आणि मे महिन्यात खिडक्या उघडल्या तरी
तापलेल्या खडूचा वास.

आज पॅरिशच्या हॉलमध्ये जेवण आहे.
कोबीचे रोल, बटाट्याचे पिएरोगी, कागदी टेबलक्लॉथ.
नवा फादर म्हणतो, "सेवा". म्हणतो, "समर्पण".
ओर्झेल बाई पर्सचं कुलूप उघडतात, मिटतात.
स्तुती ऐकायची सवय नाही त्यांना.
स्तुती त्या द्यायच्या, तीही मापून:
वहीच्या कोपऱ्यात हिरव्या शाईची टिकली.

मला चार शब्द बोलायला सांगितलंय.
मी या शाळेचा बॉयलर दुरुस्त करतो, भाषणं नाही.
तरी सांगतो.

त्या वर्षी पोलादाचा कारखाना बंद पडला.
एरी सरोवर नजर जाईल तिथवर गोठलेलं,
आणि आमचे बाप भर दुपारी घरी.
पहिले काही दिवस ते आम्हाला सुट्टीसारखं वाटलं.

बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात
एकेकट्या हातमोज्यांचा ढीग असे,
जोडी मोडलेले, कुणी न्यायला न आलेले.
ज्याचे हात उघडे, त्याला त्यातले दोन मिळत,
एक लाल, एक करडा.
"थंडीला कुठे रंग कळतो," म्हणायच्या.

मग एका शुक्रवारी दुधाचे पैसे गेले.
निळ्या डब्यातले, दोन डॉलर चाळीस सेंट.
डब्याजवळ शेवटचा मी होतो.
"झिग्मुंट, खिसे."
एवढंच. आवाजही चढला नाही.
मी खिसे उलटे केले. एक बटण, पावाचा चुरा,
आणि तेहतीस पोरांची नजर.
दोन दिवस आईला काही बोललो नाही.
आमच्या घरात तेव्हा न बोलण्यासारखं
आधीच बरंच साठलं होतं.

सोमवारी प्रार्थना संपली, आणि बाई खुर्चीवर बसल्या नाहीत.
माझ्या बाकाशी आल्या. गुडघे टेकले,
थेट थंड फरशीवर.
त्यांना गुडघे टेकताना आम्ही फक्त वेदीसमोर पाहिलं होतं.
म्हणाल्या, "पैसे रेडिएटरमागे पडले होते.
मी तुझ्यावर आळ घेतला. सगळ्यांसमोर घेतला,
म्हणून सगळ्यांसमोर क्षमा मागते."

वर्ग चिडीचूप. पाइपात पाणी ठोके देत होतं.
मी म्हणालो, "हजर, मिस ओर्झेल."
दुसरं काही सुचलंच नाही.

त्याच आठवड्यात आमचं पहिलं कन्फेशन.
सात वर्षांच्या पोरांकडे पापं ती किती!
आम्ही उसनी घेतली, आपसात बदलून घेतली.
युडिताने तर एक खून कबूल केला, मुंगीचा.
माझी पाळी आली. जाळीपलीकडे म्हातारे फादर,
खोकल्याच्या गोळीचा वास.
"फादर, मी बाईंना माफ केलं."
बराच वेळ काहीच नाही.
"हे पाप नाही, बाळा."
"मला ठाऊक नव्हतं, फादर, कुठे सांगायचं."

मोठेपणी त्या रेडिएटरमागे मी कितीदा हात घातलाय.
धूळ, खडूचे तुकडे, एकदा जपमाळेचा मणी.
जागा अशी, की मनगट सोलून निघतं.
दरवेळी तेच मनात येतं: शनिवार असणार तो.
रिकामी शाळा, बॉयलर बंद,
आणि एक बाई भिंतीला गाल लावून
अंधारात चाचपडताहेत,
माझ्याकडे पैसे नव्हते याचा पुरावा.
नसता शोधला तर कोण विचारणार होतं?

असो. त्यांना पाटी दिलीय, पितळेची.
आडनावात एक अक्षर चुकलंय.
हॉलभर कुजबुज, फादर कानापर्यंत लाल.
बाईंनी चष्मा लावला. वाचलं.
पर्समधून हिरवं पेन काढलं.
पितळेवर शाई धरत नाही;
तरी चुकीखाली रेघ ओढलीच.
मग माझ्याकडे पाहिलं, चष्म्यावरून,
"झिग्मुंट, कोटाचं बटण तुटलंय.
खिशात बघ."

मी सगळ्यांसमोर खिसा उलटा केला.
होतं.