तेवढंच तळं

तळं आधी नव्हतं.
सफकच्या या शेतातून जेवढी माती काढली
तेवढं घर वर आलं,
तेवढंच पाणी खाली साचलं.
ॲम्ब्रोज थर्कलनं भट्टी लावली, तेव्हा
ओल्या विटेवरून कुत्रं चालत गेलं.
चुलीच्या डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर
अजून त्याची चार नखं.

उजेडावर कर बसला
तशी उत्तरेची खिडकी विटांनी बुजवली.
दीडशे वर्षांनी कर उठला. खिडकी नाही उघडली:
आतून तोवर फडताळ झालं होतं,
हेस्टरचे मुरंबे तिथं बरे टिकत.

परवा डॉर्कसनं गवंडी बोलावला.
त्यानं जुना चुना बोटावर घेतला, चाटला.
म्हणाला, सिमेंट नको,
भिंतीला श्वास घेऊ द्या.

संध्याकाळी तळ्यात घर उलटं,
आपल्याच खड्ड्यात मापात बसलेलं,
बदकं येईपर्यंत.