झाकण

दिल्लीला निघताना पिशवीत
शिरोलीतलं एक कास्टिंग घेतलं,
पावणेचार किलो, कडा घासलेल्या.
विमानतळावर तपासणीच्या पोरानं विचारलं, हे काय?
म्हटलं, झाकण.
कशाचं, ते ड्रॉइंगवर नव्हतं.

सहसचिवांच्या टेबलावर ते ठेवलं तेव्हा
काच जराशी कुरकुरली.
थकलेली बिलं, देशी मालाला आधी मान,
चाचणीच्या रांगेत सहा-सहा महिने...
ते म्हणाले, आकडे सांगा.
सांगितले.
आकडे सांगायचाच तर पगार आहे संघटनेत.

परवा इंगवल्यांच्या फौंड्रीत गेलो.
रस ओतायला अजून तासभर होता.
कोअर शॉपमधली रेहाना मुजावर
हाताची वाळू झटकत म्हणाली,
"साहेब, ते झाकण बसतंय कशावर, कळलं काय?"

निवेदन साडेनऊ पानांचं.
वर्तमानपत्रात फोटोसकट आलेलं.
त्यातलं एक वाक्य
तिच्यासमोर उच्चारता येईना.

"ऱ्हाऊ दे. कळलं की सांगा."
आणि तिनं कोअर उचलला,
तान्ह्याचं डोकं धरावं तसा
दोन्ही हातांनी,
साच्यात अलगद ठेवला.