लाइन जायच्या आधी

मी डोक्यावर पीपा घेऊन भोयरच्या चक्कीकडे निघाले
की गावाला हवामान कळतं.
मोबाइल काय म्हणतो ते कुणी पाहत नाही.
"लाइनमनची बायको दळाले चालली, पोट्टेहो,
तुरीवर ताडपत्री टाका."
पंधरा मिनिटांत माझ्यामागे सात डबे,
आणि भोयर पट्टा चढवता चढवता विचारतो,
"ढोमणेबाई, किती दिसाचं?"
मी तीन बोटं दाखवते.
रांगेत कुणीतरी म्हणतं, "अवं माय."

तीन दिवसांचा हिशेब
रेवतीच्या जुन्या भूगोलाच्या वहीत.
आज: जे नासेल ते. मेथी, वांगी, सकाळचं दूध.
दुधाला विरजण लावलं की उद्याची कढी झाली.
वांगी भाजायला चूल पेटवायचीच आहे,
तर त्याच जाळावर आठ भाकरी जास्तीच्या,
उद्या कुस्करून फोडणीला.
उद्या: तुरीचे सोले.
शेंगा आजच सोलायच्या, उजेड आहे तोवर.
भूषण दहा सोलतो, चार खातो,
तेवढी तूट धरलेली आहे.
परवा: ज्याला आभाळाशी घेणंदेणं नाही असं सगळं,
मुगवड्या, जवसाची चटणी, डब्यातलं बेसन.
मामंजींना दात नाहीत,
त्यांच्या कण्या तिन्ही दिवस वेगळ्या, ताकातल्या.

सिलिंडर हलवून पाहिला.
अर्धा आहे, किंवा मला तसं वाटायला हवं आहे.
पऱ्हाट्या ओढून ओसरीत घेतल्या,
त्यांच्याबरोबर एक विंचूही आला, त्याला चपलेनं निरोप दिला.

यांची भाकर कोणत्या रकान्यात लिहावी
हे बारा वर्षांत मला जमलेलं नाही.
वादळ आलं की सगळी माणसं घरात येतात
आणि आमचा माणूस बाहेर जातो.
डब्यात काय द्यावं?
जे एका हातानं खाता येईल,
गार झालं तरी दगड होणार नाही.
ठेचा नको, त्याच हातानं डोळा पुसला जातो.
संक्रांतीच्या उरलेल्या तीन तीळपोळ्या
फडक्यात बांधल्या.
"जास्त कावून दिल्या?" म्हणाले, आणि ठेवून घेतल्या.

पाचच्या सुमाराला हरभऱ्याच्या अंगानं वारा उठला.
पहिली गार बोराएवढी.
मग पत्र्यावर कुणी ट्रकभर गिट्टी ओतली.
भूषण भगोणं घेऊन अंगणात धावला, मी त्याला कॉलरला धरून आणला.
भोयरची चक्की थांबली, मग देवळातला भोंगा,
मग आमचा फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प.

दुसऱ्या दिवशी रात्री दार वाजलं.
हे, सोनटक्के, शेखभाऊ,
आणि दर्यापूरचा एक नवीन पोरगा, तळवे सोललेले.
"जेवाले आहे का काही?"
कढी दुपारीच संपली होती. सोले चार जणांपुरते.
मी वही उघडलीच नाही,
परवा उचलून आजमध्ये ओतला.
मुगवड्यांत दोन तांबे पाणी, तीन चमचे येसर,
तिखट दुप्पट, म्हणजे कुणी फार वाढून घेत नाही.
पोरगा घेत राहिला.
पाच भाकरी झाल्या, सहावीला त्यानं ताटावर हात आडवा धरला,
तो हात पाहून मी भाकर हाताशेजारीच ठेवली.
मामंजींनी आपली वाटी पुढे सरकवली,
"घे बापू, याले दात बी नाही लागत."

अकराला जीप गेली. नाल्यापलीकडे तीन खांब आडवे आहेत म्हणे.
मी पीपा तिरपा करून पाहिला,
चाळणीभर पीठ, आणि तिसरा दिवस अख्खा.

सकाळी भिंतीवरून शालूताईचा हात आला.
हातात ताटली, ताटलीत पाच भाकरी, कोपऱ्यात लसणाची चटणी.
"तुया मागून दळून आणलं होतं ना म्या," ती म्हणाली.
भाकरी गरम होत्या.
मी ताटली घेतली तरी तिनं हात मागे नेला नाही.
"आता हे सांग,
लाइन कई येते?"