एकास सहा

पेपरात चार ओळींत आलं होतं,
‘मध्यवस्तीतील कुरूप वाहनतळ अखेर पाडणार’.
त्यातला ‘कुरूप’ मी पेन्सिलीने अधोरेखित केला
आणि पीएमटी पकडून बोहरी आळीपाशी उतरलो.

कुरूप होतंच. मी नाकारत नाही.
मीच काढलं होतं ते, सत्त्याऐंशी साली,
महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, टी-स्क्वेअर लावून.
चार मजले. खिडकी नाही, रंग नाही.
एखाद्या कपाटाचे सगळे खण
कुणीतरी घाईत उघडे टाकून गेल्यासारखं.

पण मी आलो होतो रॅम्पसाठी.

आधी एकास आठ होता चढ.
दाबके साहेब म्हणाले, बारा गाड्या अजून बसव.
मी लांबी कापली. एकास सहा.
ट्रेसिंगवरची रेघ ब्लेडने खरवडली,
भुकटी फुंकली, खाली सही घेतली.
एवढंच. याला कुणी गुन्हा म्हणत नाही.

मग पस्तीस वर्षं
तुळशीबागेतल्या पिशव्या हँडलला अडकवून आलेल्या लुना
दुसऱ्या वळणावर दम टाकत राहिल्या.
बायका उतरायच्या, पदर खोचायच्या.
मी स्वतः तिथे कधीच गाडी लावली नाही.
माझी सायकल होती, हे एक कारण.

फाटकाशी खुर्ची टाकून रज्जाक तांबोळी बसला होता,
पावत्यांचं पुस्तक संपलं तरी खाकी शर्ट घालून.
मी ओळख सांगितली नाही.
‘काय काम असायचं तुम्हाला इथं?’
‘पावती फाडायची. आणि दुसऱ्या वळणावर ढकलायचं.’
‘काय ढकलायचं?’
‘गाड्या. चढत नाहीत ना तिथं.
पोटुशी बाई असली की तिला सावकाश चालत पाठवायचो,
गाडी मी न्यायचो वर.
कुणी सांगितलं नव्हतं.
कामातच असेल, असं धरून चाललो.’
आणि डाव्या हाताने उजवा खांदा चोळला,
सवयीने, दुखतो म्हणून नव्हे,
असं मी समजून घेतलं.

पत्र्याच्या कुंपणावर नव्या इमारतीचं चित्र.
एकोणतीस मजले काच.
खाली चालणारी माणसं, सगळी उंच,
एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही.
पहिले सहा मजले मात्र जाळीमागे झाकलेले.
‘तिथं काय?’
हेल्मेटातली मुलगी, गळ्यात कार्ड, ऋजुता ढमढेरे,
जरा ओशाळून म्हणाली,
‘पार्किंगच.’

रज्जाक खुर्ची हलेपर्यंत हसला.
मी विचारलं, ‘रॅम्प?’
तिने टॅबलेटवर दोन बोटांनी चित्र ताणलं.
चष्मा कपाळावर चढवून मी आकडा वाचला. दोनदा.
एकास दहा.
‘छान आहे,’ म्हणालो. आणि मग राहवेना,
‘वरून कुणी सांगितलं, बारा गाड्या अजून बसव, तर?’
ती माझ्याकडे बघत राहिली.
‘तुम्हाला कसं कळलं?’

तेवढ्यात ब्रेकर दुसऱ्या वळणाला भिडला.
ते काही केल्या पडेना.
ठक ठक ठक, नुसते टवके.
‘लोखंड चांगलं घातलंय,’ रज्जाक म्हणाला,
जणू त्यानेच उभं राहून घालून घेतलं होतं.
मला बोलायचं होतं. शब्द जुळवलेही होते,
बसमध्ये, डेक्कनपासून.
पण धुळीचा लोट सरळ आमच्या अंगावर आला,
आणि तो उठला, माझ्या पाठीमागे गेला,
दोन्ही तळवे टेकवले,
आणि मला, हळूच,
पुढे ढकललं.