अकरा मिनिटं

पहिलीत ठिपक्यांची अक्षरं गिरवली होती,
त्यानंतर थेट आता, चौतिसाव्या वर्षी:
मी अर्धी ओळ लिहिते, थांबते,
आणि कर्सरच्या पुढे
करडी अक्षरं उमटतात, माझ्याच वळणाची,
माझ्याहून नीट.
टॅब दाबला की काळी होतात.
दिवसभर गिरवते.

तुर्कूत जानेवारी. साडेतीनलाच खिडकीत
बाहेरचं कमी आणि माझा चेहरा जास्त.
खाली आउरा नदी गोठलेली, तिच्यावर कुणाची तरी सायकल,
कशी आली कुणास ठाऊक.
आमची चार माणसांची कंपनी
बेटांवरच्या फेरीबोटींचं वेळापत्रक सांभाळते.
सत्तावीस वर्षांचा जुना कोड, ठिगळावर ठिगळ,
मूळ कापड कुठलं ते सांगणारं कुणी उरलं नाही.
मार्चपर्यंत तो नव्या भाषेत न्यायचा.

सहायकाला म्हटलं, ने.
त्याने नेला.
जे काम मी तीन आठवड्यांचं म्हणून लिहून दिलं होतं
ते कॉफी निवायच्या आत.
खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला,
आणि आनंदाच्या मागोमाग, दारात बूट न काढता
ताटकळत उभं,
दुसरं काहीतरी.

सगळ्या चाचण्या हिरव्या.
खाली नम्र टीप:
एक निरुपयोगी अट काढून टाकली आहे.
तिचा निकालावर परिणाम होत नाही.

तूलिक्की तपासायला बसली.
साठीला आलेली, कोड वाचताना ओठ हलवते,
जणू कुणाचं पत्र आहे.
ती टॅब दाबत नाही.
"कुणी माझं वाक्य पुरं केलेलं मला खपत नाही," म्हणते,
"नवऱ्यानं केलेलंही खपायचं नाही."
लाल रंगात खोडलेल्या ओळीवर तिचं बोट थांबलं:
बेट हारासारी, महिना नोव्हेंबर ते मार्च,
तर अकरा मिनिटं थांब.
शेजारी टिपण, एवढंच: हात लावू नये. ब्यो.

अकराच का?
सहायकाला विचारलं होतं मी. त्याने चार कारणं दिली,
चारही पटण्यासारखी.

ब्यो म्हणजे ब्योर्ये. पार्गासला मधमाश्या पाळतो आता.
फोनवर आधी बराच वेळ खोकला,
मग म्हणाला, शाळेची बस. बर्फात हळू यायची.
त्या बेटाची एकच मुलगी, सिग्ने.
एकदा बोट सुटली आणि पोर धक्क्यावर दीड तास उभी.
उणे एकोणीस.
मी सोमवारी ओळ घातली. कुणाला विचारलं नाही.
शाळा? ती कधीच बंद झाली.
सिग्ने ओस्लोत लोकांचे दात काढते.
काढून टाका ती ओळ.

म्हणजे यंत्राचंच खरं होतं.
मी 'स्वीकारा'वर बोट नेलं.
"थांब," तूलिक्की म्हणाली,
आणि बोटीच्या कप्तानाला फोन लावला.

अकरा मिनिटं? अहो, ती नर्सची.
मंगळवारी, शुक्रवारी, सव्वाचारच्या बसने येते.
सहा म्हातारी माणसं आहेत बेटावर, त्यांच्या पायांच्या पट्ट्या.
बोट थांबते हे तिला माहीत आहे.
का थांबते, ते कधी कुणी विचारलं नाही.
मला वाटायचं, इंजिन तापायला.

ओळ परत घातली.
टिपण लिहायला घेतलं: 'ही ओळ'
आणि पुढे लगेच करडं:
'जुन्या प्रणालीशी सुसंगतीसाठी आहे.'
वाक्यात चूक काहीच नव्हती.
एस्केप.
'ही ओळ नर्ससाठी आहे. आधी सिग्नेसाठी होती.
पुढे कुणासाठी असेल ते कप्तानाला विचारा.'

मग सहायकालाच म्हटलं, हिच्यासाठी चाचणी लिही.
त्याने सात लिहिल्या.
मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे जातात
हे त्याच्या लक्षात होतं,
माझ्या नव्हतं.

तूलिक्कीने कोट चढवला. दारातून म्हणाली,
त्या सायकलचं काय केलं कुणी?
मी खाली पाहिलं. अंधारात काही दिसेना.
चार वाजून वीस.
बोट अजून धक्क्याला असेल.